दवाखान्याबाहेरचा शब्द

सरांच्या पँटच्या उजव्या पायाला कायम सायकलची क्लिप असायची, आणि सरांकडे सायकल नव्हती. कधी काळी होती म्हणे, ती कुणीतरी नेली, क्लिप राहिली. शाळेत नवीन आलेला मास्तर पहिल्याच आठवड्यात त्यांना विचारायचा, की सर, सायकल कुठं लावली? सर न हसता म्हणायचे, ठाऊक असतं तर चालत आलो असतो का? आणि तासाला निघून जायचे. मीही विचारलं होतं.

मी मुरगूडचा. नव्वदच्या आगेमागे कोल्हापुरातल्या त्या शाळेत पीटीचा मास्तर म्हणून लागलो. माझं इंग्रजी लेफ्ट-राइटच्या पुढं कधी गेलं नाही आणि त्याची मला लाजही नव्हती. सर इंग्रजी शिकवायचे. वर्गात पाऊल टाकलं की अस्सल इंग्रजी, वर्गाबाहेर आपली रांगडी कोल्हापुरी, आणि राग आला की कानडी. मूळ गाव नेसरीकडचं, घरात दोन्ही भाषा कालवलेल्या. आईला अव्वा म्हणायचे. पोरांना कळू नये म्हणून ते कानडीत शिव्या द्यायचे; पण आमच्या शाळेत सीमेकडची पोरं बरीच, त्यांना सगळं कळायचं आणि मधल्या सुट्टीत ती बाकीच्यांना भाषांतर करून सांगायची. सरांना शेवटपर्यंत याचा पत्ता नव्हता. आम्हीही लागू दिला नाही.

मला ते नावानं कधी हाक मारायचे नाहीत. "व्यायाम" म्हणायचे. ए व्यायाम, इकडं ये. गणिताच्या सरांना "वजाबाकी", हेडमास्तरांना मागं "घंटा". माणसाला एका शब्दात बसवायचं, ही त्यांची खोड. मला सुरुवातीला राग यायचा. मी एकदा म्हटलंही, सर, मला आईबापानं नाव ठेवलंय. तर म्हणाले, ते त्यांनी तू जन्मल्यावर ठेवलं, तुला बघून कुठं ठेवलं?

आमच्या स्टाफरूममध्ये एक लहान फळा होता. गैरहजर मास्तरांचे तास कुणी घ्यायचे ते त्यावर लिहायचं. त्याचा वरचा कोपरा सरांनी बळकावला होता. दर सोमवारी तिथं एक इंग्रजी शब्द लिहायचे, खाली मराठीत उच्चार, आणि जाहीर करायचे की पावणं आलंय. आठवडाभर त्या शब्दाचा पाहुणचार सगळ्यांनी करायचा. म्हणजे प्रत्येकानं त्याचं एक वाक्य करून सरांना ऐकवायचं. अर्थ पाठ असून भागत नाही, असं त्यांचं म्हणणं. सर म्हणायचे, पावण्याचं नाव, गाव, कूळ सगळं ठाऊक असतं हो, पण तो भाकरी कशासंगं खातो हे घरात ठेवून घेतल्याशिवाय कळत नाही. शनिवारी शब्द पुसला जायचा. वाक्य न करणारा सगळ्यांना चहा पाजायचा. चहा बहुतेक वेळा माझाच असायचा.

एका सोमवारी त्यांनी लिहिलं, "इन्क्युरेबली". दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकती भरली होती. सर आले, शब्द लिहिला, हात झटकले, खुर्चीत बसले. पावणं आलंय म्हणायचंही विसरले. सायन्सच्या बाईंनी विचारलं, म्हणजे काय हो सर? डिक्शनरीत असाध्य दिलंय, एवढंच म्हणाले.

मग त्या आठवड्यात गंमत झाली. गणिताच्या सरांनी पहिलं वाक्य केलं, माझे आजोबा इन्क्युरेबली आजारी होते. सर म्हणाले, बरोबर आहे, पण नको. तो दवाखान्यातला वापर, तिथं तो शब्द दार लावून घेतो. त्याला जरा बाहेर काढा, बाहेर तो वेगळा वागतो. बाहेर इंग्रज माणूस हा शब्द आजाराला लावत नाही, स्वभावाला लावतो. अमका इन्क्युरेबली आळशी आहे, तमका इन्क्युरेबली आशावादी आहे. आणि हे म्हणताना तो हसतो. आपण म्हणतो नाही का, ह्याच्या स्वभावाला औषध न्हाई?

मला एकदम लख्ख कळलं. आमची बायको हे वाक्य रोज म्हणते. मी जेवायला बसलो की दाराशी कोणी आलं तर ताट सोडून उठतो, अर्धा तास गप्पा मारतो, आमटी गार. ती म्हणते, ह्यांच्या स्वभावाला औषध न्हाई, आणि आमटी परत गरम करते. आमच्याच चुलीपाशी हा शब्द रोज बसलेला आणि मला माहीत नाही! मी मोठ्या उत्साहानं हे सांगितलं. सर खूश झाले. म्हणाले, व्यायाम, तुला नाही, तुझ्या बायकोला आलं इंग्रजी. चहा तूच पाज.

सायन्सच्या बाई कुरुंदवाडच्या. त्यांनी वाक्य केलं की माझ्या सासूबाई इन्क्युरेबली टापटीप आहेत. सरांनी विचारलं, सासूवर जीव आहे का? बाई म्हणाल्या, जीव म्हणजे... सवय आहे. मग शुक्रवारपर्यंत थांबा, सर म्हणाले, अजून शिजलं नाही. सगळी स्टाफरूम हसली, बाईही हसल्या. तेव्हा सरांनी त्या शब्दाचा कायदा सांगितला. ज्याच्यावर आपला जीव नाही त्याला हा शब्द लावायचा नाही. आणि दुसरं, आधी आपण स्वतः औषध करून बघितलेलं पाहिजे. भांडून बघितलं, गोड बोलून बघितलं, शपथा घातल्या, उपास केले, सगळं करून हात टेकले, आणि तरी माणूस टाकवत नाही, तेव्हा तोंडातनं जे हसू येतं ना, तो हा शब्द. न करता म्हणणारा नुसता आळशी.

हेडमास्तरांना हा कायदा ठाऊक नव्हता. ते चहाला आले आणि फळा बघून म्हणाले, सोपं आहे की, नववी ब मधला तो मागच्या बाकावरचा पोरगा इन्क्युरेबली ढ आहे. सर उठले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि आता कानडी येणार म्हणून आम्ही सगळे खाली बघायला लागलो. पण मराठीत बोलले, आणि हळू बोलले. "डॉक्टरसुद्धा घरच्या माणसाला बाजूला घेऊन हळूच सांगतो हो. तुम्ही पोराला चारचौघांत सांगताय. काय औषध केलंत त्याला, सांगा तरी?" हेडमास्तर चहा तसाच ठेवून गेले. सरांनी मग त्या पोराला वर्षभर घरी बोलावून शिकवलं. पोरगं शेवटी इंग्रजीत काठावर पास झालं आणि गणितात गेलं, ती गोष्ट वेगळी.

त्या शनिवारी शब्द पुसला गेला नाही. पुढच्याही नाही. खालचे तास रोज पुसले जायचे, वरचा कोपरा तसाच. मी एकदा फडकं घेऊन गेलो तर म्हणाले, राहू दे, माझं वाक्य व्हायचंय अजून.

सरांचं वाक्य का होत नव्हतं ते मला नंतर कळलं. सरांना एक धाकटा भाऊ होता. कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. घरात अव्वा त्याला तम्मा म्हणायची, म्हणून गल्ली तम्मा म्हणायची, शाळा तम्मा म्हणायची, रेशनकार्ड सोडलं तर त्याचं दुसरं नाव कुठंच नव्हतं. हात असे की बिघडलेला पंखा नुसता बघितला तरी फिरायला लागायचा. पावसाळाभर घरात असायचा, सरांच्या दोन म्हशींचं शेणघाण काढायचा, धार काढायचा, गल्लीतल्या सगळ्या सायकली नीट करून द्यायचा. दिवाळी झाली की एके सकाळी अंथरूण घडी करून ठेवलेलं आणि तम्मा नाही. जत्रांचा हंगाम सुरू झालेला असायचा. तम्मा पाळण्यावर गेलेला असायचा.

पाळणा म्हणजे जत्रेत फिरतो तो उंच लोखंडी पाळणा. आज ह्या गावात उभा करायचा, जत्रा झाली की नटबोल्ट सोडायचे, ट्रकमध्ये घालायचा, पुढच्या गावात परत उभा. तम्माला त्या पाळण्याचं वेड. विशी-बाविशीपासून जात होता. वर चढून आकडे बसवायला तो पाहिजेच म्हणून पाळणेवाले त्याची वाट बघायचे. कुठल्या वर्षी कुठल्या पाळण्यावर जाईल याचा नेम नाही. पत्र नाही, निरोप नाही. तेव्हा फोन कुठले हातात?

औषधं सगळी करून झाली होती. अव्वानं देवाला नवस केले, भगताकडून दोरा आणून दंडात बांधला. मिरजेच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. लग्न ठरवलं, हळदीच्या आधीच्या दिवशी हा गायब. सर स्वतः मुलीकडच्यांच्या पाया पडून आले. शेवटी सरांनी हेडमास्तरांना गळ घालून त्याला आमच्या शाळेत रोजंदारीवर शिपाई म्हणून लावलं. त्याच्यासारखा शिपाई आम्ही बघितला नाही. नळ गळायचे बंद झाले, बाकं डुगडुगायची बंद झाली. दिवाळीनंतर शाळा उघडली, त्याच दिवशी कुठून तरी वाऱ्यावर जत्रेच्या कर्ण्याचा आवाज आला असावा. तम्मानं शाळा सुटल्याची घंटा अगदी वेळेवर दिली, घंटेचा हातोडा खुंटीला अडकवला आणि गेला. मधला रविवार गेला, सोमवार आला. सरांनी फळ्यावर तो शब्द लिहिला, तो हा सोमवार.

अव्वा आधीच्या वर्षी गेली होती. जाताना तिनं सरांच्या हाताला धरून एवढंच सांगितलं होतं की तम्मा रानोमाळ मरायला नको, त्याच्या तोंडात शेवटचं पाणी घरातलं पडू दे. सर मला म्हणाले होते, बाकी काय मागितलं नाही रे म्हातारीनं, आणि नेमकं तेच मागितलं जे माझ्या हातात नाही. त्यांना रस्त्याच्या कडेची माणसं बघवायची नाहीत. पेपरात कुठं बेवारस लिहिलेलं दिसलं की पान उलटायचे.

तरी दरसाल तेच व्हायचं. तम्मा गेला की सर जाहीर करायचे, यंदा मी आणायला जाणार नाही, मेला तिकडं तर मेला. संक्रांत जायची, शिवरात्र जायची. पाडवा जवळ आला की सर तासाला जाताना खडू विसरायला लागायचे. एसटीच्या कंडक्टरांना अडवून विचारायचे, कुठल्या गावात पाळणा बघितला का हो? कुठल्या गावची जत्रा कुठल्या तिथीला, सगळं तोंडपाठ. मग एक दिवस ग्राउंडवर यायचे. मी पोरांची कवायत घेत असायचो. जवळ येऊन, दुसरीकडं बघत विचारायचे, "व्यायाम, गाडीत पेट्रोल हाय का?"

माझ्याकडं एक जुनी राजदूत होती. तिच्यावरून सरांबरोबर मी कितीतरी जत्रा पालथ्या घातल्या. घरची माणसं म्हणायची, भाऊ त्यांचा आणि तू का रापतोस उन्हात? मला सांगता यायचं नाही. सरांबरोबर जायला मला आवडायचं, एवढं खरं. मागं बसून ते सगळ्या रस्त्याला बोलायचे. ऊस बघून बोलायचे, बैलांना इंग्रजीत नावं ठेवायचे. अजून त्या बाजूला गेलो की माझी मान आपोआप मागं वळते.

फळ्यावर तो शब्द होता त्या वर्षी नेसरीच्या पुढं एका गावात तम्मा सापडला. दुपार कलली होती. लांबूनच पाळणा दिसला आणि सरांनी माझ्या खांद्यावर मारलं. तम्मा खाली इंजिनापाशी होता, तेलानं काळा झालेला, दाढी वाढलेली. सरांना बघून पळाला नाही, काही नाही. चेहरा असा फुलला की मला वाटलं आता पाया पडतो. पण म्हणाला, आलासा? बसा की, एक चक्कर मारा. सरांना उंचीची भीती. शाळेच्या गच्चीवरसुद्धा ते कठड्यापासून लांब उभे राहायचे. तरी भाऊ म्हणाला म्हणून बसले. पाळणा फिरायला लागला, आणि सरांची पाळी नेमकी टोकाला आली तेव्हा तम्मानं इंजिन बंद केलं.

वर सर, खाली तम्मा, मध्ये सगळी जत्रा. तम्मानं ओरडून सांगितलं की अण्णा, परवा पालखी हाय, पालखी झाली की येतो, तेवढं कबूल कर, मग खाली घेतो. वरून कानडी सुरू झाली. गाव सीमेवरचं, गावाला कानडी येत होती. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. एक म्हातारा मला म्हणाला, पावणं, वरचा मानूस लई शिकलेला दिसतो. मी म्हटलं, व्हय, इंग्रजीचे सर आहेत. तो म्हणाला, वाटतंय की. सरांनी दांडी दोन्ही हातांनी धरलेली, डोळे मिटलेले, आणि शिव्या चालूच. शेवटी त्यांनीच हार खाल्ली. परवापर्यंत आम्ही दोघं त्या गावात राहिलो, देवळाच्या ओवरीत झोपलो, पालखी बघितली. सरांनी पालखीपुढं हात जोडले ते बराच वेळ जोडलेलेच होते.

परत येताना गाडीवर तिघं. मी पुढं, मध्ये तम्मा मांडीवर पत्र्याची ट्रंक घेऊन, मागं सर. सर त्याच्या कानाशी तोंड नेऊन जे सुरू झाले ते वेशीपासून कोल्हापूरपर्यंत. लाज कशी नाही, वर अव्वाला काय वाटत असेल, किती वाळलास बघ, जेवायला घालत होते का तिथं, केस किती वाढवलेस, नालायका. मला आरशात तम्मा दिसत होता. डोळे मिटून मान हलवत होता, साकु अण्णा, साकु, म्हणजे पुरे पुरे म्हणत होता, आणि इतका सुखात होता की काय सांगू. एवढ्या शिव्या खाऊन एवढं निवांत बसलेलं माणूस मी दुसरं बघितलं नाही. सरांच्या घरी वहिनींनी पाणी तापवून ठेवलं होतं. आम्ही येणार हे त्यांना कुणी सांगितलं होतं देव जाणे. त्या रोजच तापवत असाव्यात.

त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. वरच्या कोपऱ्यातला शब्द धुळीनं पिवळा पडला होता. मी म्हटलं, सर, तुमच्या कायद्यानं सगळं झालंय. जीव आहे. औषध करून हात टेकून झालंय. आता म्हणून टाका की, तम्मा इन्क्युरेबली भटका आहे, आणि पुसा तो शब्द. सर क्लिपशी चाळा करत बसले. मग जे म्हणाले ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. "तसं म्हटलं तर मग आणायला कशाला जायचं रे? औषध न्हाई म्हटल्यावर दवाखाना बंद की. मला बंद करायचा न्हाई."

मी म्हटलं, सर, मग तुम्हीच इन्क्युरेबली... आणि पुढं गाडी अडली. तो शब्द एकटा चालत नाही, त्याला पुढं कुणाचा तरी हात धरावा लागतो, हे त्यांनीच शिकवलेलं. आळशी, आशावादी, टापटीप, काहीतरी पाहिजे. सरांसाठी काय म्हणावं ते मला इंग्रजीत काय, मराठीतही सुचेना. ते म्हणाले, राहू दे व्यायाम, अर्धं वाक्य बरोबर आहे. आणि उठून त्यांनी स्वतः हातानं तो शब्द पुसला. पुढच्या सोमवारी "अम्ब्रेला" लिहिला. आम्हाला बरं वाटावं म्हणून असावं.

वर्षं गेली. सर निवृत्त झाले. मोबाइल आले, तो सरांनी घेतला नाही आणि तम्माला कुणी दिला नाही. सरांचे गुडघे गेले तरी पाडव्यानंतर आमची फेरी चुकली नाही. पाळणे आता मोठे आले होते, दिव्यांचे, पण तम्मा लहान पाळण्यांवरच जायचा. त्याचेही केस पिकले होते. मी एकदा सरांना म्हटलं की तो आता सापडतो फार लवकर. पूर्वी चार-चार गावं हिंडावी लागायची, आता पहिल्या-दुसऱ्या गावातच असतो. सर म्हणाले, म्हातारा झाला, लांब जाववत नसेल. मला तसं वाटलं नव्हतं.

आणि एका वर्षी शिवरात्रीच्या आधी सर गेले. सकाळी अंगणात म्हशीजवळ खुर्ची टाकून बसले होते. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा मान कलली होती. दवाखान्यात नेईपर्यंतसुद्धा थांबले नाहीत. नेसरीकडं माती दिली. भावाच्या जागी मी उभा राहिलो. दहाव्याला, तेराव्याला कुणी ना कुणी विचारायचं, धाकटा कुठाय?

पाडवा झाल्यावर मी एकट्यानं गाडी काढली. नेसरी बघितली, गडहिंग्लजच्या आसपासची गावं बघितली, सीमेपलीकडं दोन-चार गावं बघितली. त्या वर्षी तो वेगळ्याच पाळण्यावर गेला होता. कुणी म्हणालं पुढं गेला, कुणी म्हणालं आलाच नाही. मागची सीट मोकळी, बोलायला कोणी नाही. एका उसाच्या फडाशेजारी गाडी लावून मी रडलो, हेही सांगून टाकतो. मग परत आलो. वहिनी म्हणाल्या, भावजी, आता पुरे, जिथं असेल तिथं सुखी असू दे. आणि म्हशी शेजाऱ्यांकडं सोपवून त्या महिनाभरासाठी लेकीकडं गेल्या.

मे संपत आला होता. मी दुपारचा जेवून पडलो होतो. दारात कोणीतरी ट्रंक ठेवल्याचा आवाज झाला. बघतो तर तम्मा.

"मास्तर, अण्णा कुटं गेलाय? घराला कुलूप हाय."

मी म्हटलं, आधी आत ये, बस. तू आपणहून कसा आलास? कधी येत नाहीस ते?

तो उंबऱ्यातच बसला. म्हणाला, औंदा पाळणा पार पलीकडं कर्नाटकात गेला होता. पाडवा झाला, अण्णा आला नाही. वाटलं, गाव लांबचं, हुडकायला उशीर लागत असंल. जत्रा संपली, पाळणा सोडला, ट्रक भरला, मालक म्हणाला चल. "मी न्हाय गेलो, मास्तर. म्हटलं मी फुडं जायचो आन अण्णा हितं यायचा, चुकामूक व्हायची. देवळात बसून ऱ्हायलो. लोकं इचारायची, पावणं, कुनाची वाट बघताय? म्हटलं, भाऊ येनार हाय न्यायला. लई दिस बसलो. मग पायाला चैन पडंना, म्हटलं काय झालं तरी काय, बघून यावं."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. बायको आतून येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. तम्मानं सगळं ऐकलं. मग एवढंच विचारलं की अण्णा रागात गेला का? मी म्हटलं, नाही रे, चहाची वाट बघत गेला. तो ट्रंकेवर हात फिरवत बसला. संध्याकाळी मीच त्याला घरी नेलं, शेजाऱ्यांकडून किल्ली घेऊन कुलूप काढलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. तम्मा तिथंच आहे. वहिनींना बघतो, म्हशींना बघतो. एका जागी इतका बसलाय की गल्ली म्हणते, सुधारला बघा शेवटी, अव्वाचा नवस फळला. दिवाळी होते, जत्रांचे कर्णे वाजायला लागतात, हा धार काढत असतो. मान वर करत नाही. अव्वानं मागितलं ते सगळं मिळालं म्हणायचं. मला मात्र ते बघवत नाही. खरं सांगतो, मला तो घडी केलेलं अंथरूण टाकून गेलेला हवाय.

परवा न राहवून मी त्याला म्हटलं, तम्मा, एकदा जा की रे जत्रेला. पाडव्यानंतर मी येतो न्यायला. कुठंही असलास तरी हुडकून काढीन.

तो म्हशीच्या पाठीवर पाणी मारत होता. तांब्या खाली ठेवून माझ्याकडं वळला.

"तुमी येशिला, मास्तर," तो म्हणाला. "पन मग रागवनार कोन?"